टाइप १ मधुमेहाच्या अँटिबॉडी चाचण्या : नियम कुठून आले

प्रयोगशाळेच्या अहवालावर आज जीएडी-६५, आयए-२, झेडएनटी-८ आणि आयएए, म्हणजे इन्सुलिनविरोधी अँटिबॉडी, अशी चार नावे एकाखाली एक छापलेली दिसतात. पहिली तीन नावे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींतल्या प्रथिनांची आहेत, आणि चाचणी त्यांच्याविरुद्धच्या अँटिबॉडी मोजते. ही यादी एका बैठकीत ठरलेली नाही. तिच्यातल्या प्रत्येक नावासोबत अहवाल वाचण्याचा एखादा नियम आला. त्या नियमामागचे कारण माहीत नसले की अहवाल हमखास चुकीचा वाचला जातो.

सुरुवात शवविच्छेदनातून झाली. १९६५ साली बेल्जियमच्या विली गेप्ट्स यांनी निदानानंतर लवकरच दगावलेल्या तरुण रुग्णांची स्वादुपिंडे तपासली. ‘बेटां’भोवती, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांभोवती, त्यांना लिंफोसाइट या रोगप्रतिकारक पेशींची गर्दी आढळली. शरीर स्वतःच्याच बीटा पेशींवर, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर, हल्ला करत असेल, तर त्याची खूण रक्तातही सापडायला हवी. ती १९७४ मध्ये लंडनला सापडली. बोताझ्झो, फ्लोरिन-क्रिस्टेन्सन आणि डोनियाक यांनी निवडलेल्या रुग्णांना मधुमेहासोबत इतर ग्रंथींचेही ऑटोइम्यून आजार होते. ही निवड निर्णायक ठरली, कारण अशा रुग्णांत बेटांवर बसणाऱ्या या अँटिबॉडी वर्षानुवर्षे टिकतात. नुसता टाइप १ असलेल्यांत त्या निदानाच्या वेळी असतात आणि पुढे ओसरत जातात. म्हणून दहा वर्षे जुन्या रुग्णाचा निगेटिव्ह अहवाल टाइप १ नाकारत नाही.

तेव्हाची चाचणी काचपट्टीवर होत असे. रक्तगट ‘ओ’ असलेल्या मानवी स्वादुपिंडाचे गोठवलेले पातळ काप घ्यायचे (दुसरा गट असला, तर रुग्णाच्या सीरममधल्या, म्हणजे रक्तातल्या निथळ द्रवातल्या, रक्तगटविरोधी अँटिबॉडीही चिकटून घोटाळा करतात). त्यांवर रुग्णाचे सीरम ठेवायचे, धुवायचे, मग चमकणारा रंग जोडलेली आणि माणसाच्या अँटिबॉडींना (आयजीजी) चिकटणारी दुसरी अँटिबॉडी घालून फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली बेटे चमकतात का पाहायचे. सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत चमक कुठवर टिकते, त्यावरून तीव्रता ठरे. अडचण उघड होती. प्रत्येक स्वादुपिंड वेगळे आणि वाचणारा डोळाही वेगळा. पुढे जेडीएफ युनिट हे सामाईक एकक आणून प्रयोगशाळांची मापे जुळवली, तरी अँटिबॉडी नेमकी कोणत्या प्रथिनावर बसते हे कळत नव्हते.

ते शोधायला बराच काळ लागला. १९८२ मध्ये बेकेस्कोव्ह, लेर्नमार्क आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी सल्फरने चिन्हांकित केलेली बेटे विरघळवून त्यांत रुग्णांचे सीरम मिसळले, तेव्हा ६४,००० डाल्टनचे एक प्रथिन अँटिबॉडीसोबत खाली बसले. त्याची ओळख पटली ती मेंदूच्या आजारामुळे. १९८८ मध्ये स्टिफ-मॅन सिंड्रोमच्या, म्हणजे स्नायू ताठरवणाऱ्या मज्जासंस्थेच्या आजाराच्या, एका रुग्णात जीएडी या एन्झाइमविरुद्ध अँटिबॉडी सापडल्या. त्या रुग्णाला टाइप १ मधुमेहही होता. १९९० मध्ये ६४,००० डाल्टनचे ते प्रथिन म्हणजे जीएडीच, हे सिद्ध झाले.

याच टप्प्यावर एक तांत्रिक धडा मिळाला. मधुमेहींच्या बहुतेक जीएडी अँटिबॉडी प्रथिनाचा त्रिमितीय आकार ओळखतात. प्रथिन उलगडले की त्या बसत नाहीत. त्यामुळे प्रथिन उलगडून तपासणारी वेस्टर्न ब्लॉट ही पद्धत फसते, आणि प्रथिन प्लेटवर नुसते लेपून केलेली साधी एलायझाही अनेक पॉझिटिव्ह रुग्ण निसटू देते. बरीच वर्षे रेडिओबाइंडिंग, म्हणजे द्रावणातल्या किरणोत्सारी प्रथिनाला अँटिबॉडी किती धरते हे मोजणे, हीच विश्वासाची पद्धत राहिली. आजच्या चांगल्या एलायझात अँटिबॉडी पुलासारखी काम करते : तिचा एक हात प्लेटवरच्या जीएडीला धरतो, दुसरा द्रावणातल्या बायोटिन (मोजणीसाठीची खूण) जोडलेल्या जीएडीला. जागतिक आरोग्य संघटनेचे ९७/५५० हे प्रमाण सीरम आल्यावर मापे जवळ आली. तरीही दोन वेगवेगळ्या किटचे आकडे शेजारी ठेवून ‘वाढले’ किंवा ‘घटले’ म्हणू नये.

इन्सुलिनविरोधी अँटिबॉडीची गोष्ट वेगळी. इन्सुलिनचे एकही इंजेक्शन न घेतलेल्या नव्या रुग्णांतही त्या असतात, हे १९८३ मध्ये पामर यांनी दाखवले. लहान मुलांत बहुधा हीच पहिली उमटते. पण बाहेरून दिलेल्या इन्सुलिनविरुद्धही शरीर अँटिबॉडी बनवते आणि चाचणीला दोन्हींतला फरक कळत नाही. म्हणून नमुना इन्सुलिन सुरू होण्याआधी घ्यावा, फार तर पहिल्या दोन आठवड्यांत. वॉर्डमध्ये घाईत हेच सर्वांत जास्त चुकते.

आयए-२ नव्वदच्या दशकात आली, झेडएनटी-८ थेट २००७ मध्ये. चौकट पूर्ण झाली आणि प्रश्नच बदलला. अमेरिका, फिनलंड व जर्मनीतल्या १३,३७७ मुलांच्या २०१३ मधील अभ्यासात दोन किंवा अधिक अँटिबॉडी असलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के मुलांना दहा वर्षांत मधुमेह झाला. एकच असलेल्यांपैकी १५ टक्क्यांहून कमी मुलांना. यावरून २०१५ मध्ये टप्पे ठरले : दोन अँटिबॉडी आणि साखर नॉर्मल, तो पहिला, साखर बिघडू लागली, दुसरा, उघड मधुमेह, तिसरा. दुसऱ्या टप्प्यातल्या आठ वर्षांवरील व्यक्तींसाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत टेप्लिझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. चाचणीतल्या रुग्णांत त्याने आजार सुमारे दोन वर्षे लांबवला. इटलीने २०२३ मध्ये मुलांच्या तपासणीचा कायदाच केला. आधीच माहीत असले की मूल कीटोअॅसिडोसिसमध्ये, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्त आम्लधर्मी होण्याच्या धोकादायक अवस्थेत, जाऊन रुग्णालयात पोहोचण्याची शक्यता बरीच कमी होते. मला या चाचणीचा सर्वांत मोठा उपयोग हाच वाटतो.

हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या मुलांचे आहेत, हे विसरू नये. भारतात तरुण वयातला मधुमेह म्हणजे टाइप १ असे सरळ म्हणता येत नाही. तरुणांतला टाइप २, एका जनुकातल्या दोषाने होणारा मोडी आणि स्वादुपिंडातल्या खड्यांमुळे होणारा प्रकारही इथे भेटतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या रुग्णांवर झालेल्या २०२० च्या अभ्यासात जनुकीय जोखीम गुणांकन (अनेक जनुकांवरून काढलेला जोखमीचा आकडा) भारतीयांतही टाइप १ आणि टाइप २ वेगळे करते असे दिसले, पण युरोपीयांइतके धारदारपणे नाही.

पॉझिटिव्ह ठरवण्याची सीमा, म्हणजे कट-ऑफ, साधारण निरोगी लोकांच्या ९९व्या शतमकावर ठेवतात. म्हणजे शंभरात एक निरोगी माणूसही पॉझिटिव्ह येणारच. त्यामुळे लक्षणे नसताना एकटी जीएडी किंचित वर आली, तर वेगळ्या नमुन्यावर पुन्हा तपासावे, आणि रुग्णाला नुकतेच इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी) दिले होते का ते विचारावे, कारण दात्याच्या अँटिबॉडीही मोजल्या जातात. उलट बाजूने, इन्सुलिन चालू असलेल्या मुलाचा अहवाल निगेटिव्ह आला म्हणून इन्सुलिन थांबवू नये. जेवणानंतरचे सी-पेप्टाइड पाहावे, ते शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते हे दाखवते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात मधुमेह दिसला, तर अँटिबॉडींवर विसंबू नये. टाइप १ असलेल्या आईच्या अँटिबॉडी वारेतून बाळात आलेल्या असू शकतात, आणि या वयातला मधुमेह बहुधा एकाच जनुकातल्या दोषाचा असतो. तिथे आधी जनुक चाचणी करावी. त्यातल्या अनेक बाळांचे इन्सुलिन बंद होऊन सल्फोनिलयुरियाच्या गोळ्यांवर भागते.