‘मुद्दाम केलं नाही, सर!’ : सॉफ्टबॉलमधल्या इंटरफिअरन्सची पार्श्वभूमी

पावसाळा सरत आला की कोल्हापुरात शालेय स्पर्धांची धांदल सुरू होते. मैदान अजून ओलं असतं, चुन्याच्या रेषा निम्म्या पुसलेल्या असतात. अशा मैदानावर दरवर्षी एक प्रसंग हमखास घडतो. सॉफ्टबॉलच्या सामन्यात दुसऱ्या बेसवरची (धावताना गाठायच्या ठिकाणावरची) मुलगी तिसऱ्याकडे सुटते, जमिनीलगत आलेला बॉल घ्यायला शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधली क्षेत्ररक्षक, पुढे सरकते आणि दोघी एकमेकींवर आदळतात. पंच हात वर करून ‘डेड बॉल’ पुकारतात, म्हणजे खेळ तिथेच थांबवतात, आणि क्षेत्ररक्षणात अडथळा (इंटरफिअरन्स) आणल्याबद्दल रनरला, म्हणजे धावणाऱ्या मुलीला, बाद देतात. लगेच दोरीपलीकडून आवाज येतो, “अवो सर, तिनं मुद्दाम केलंय व्हय? ती आपल्या वाटेनं पळत हुती की!”

ओरडणाऱ्या पालकांना मी हसत नाही. दहावी-बारावीचे क्रीडा गुण, पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, असं बरंच काही त्या एका हाताच्या इशाऱ्यावर टांगलेलं असतं. पण त्यांचा ‘मुद्दाम’ हा शब्द सॉफ्टबॉलमधला नव्हे. तो क्रिकेटमधून आलेला आहे.

क्रिकेटच्या ३७व्या नियमानुसार क्षेत्ररक्षणात अडथळा आणणारा फलंदाज बाद होतो, पण त्याने ते जाणूनबुजून केलेलं असावं लागतं. मोहिंदर अमरनाथ १९८९ मध्ये अहमदाबादला श्रीलंकेविरुद्ध असाच बाद झाला होता. (त्याआधी १९८६ मध्ये बॉल हाताळल्याबद्दलही तो बाद झाला होता. दोन्ही विचित्र शिक्षा एकाच माणसाच्या नशिबी!) क्रिकेटवर वाढलेल्या डोळ्याला त्यामुळे आधी हेतू शोधायची सवय असते.

बेसबॉल-सॉफ्टबॉलच्या घराण्यात मात्र सुरुवात वेगळी झाली. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४५ मध्ये वीस नियम लिहून काढले. त्यातला चौदावा साधारण असा: धावणाऱ्याने बेस गाठण्याआधी प्रतिस्पर्ध्याला बॉल झेलू दिला नाही किंवा मिळवू दिला नाही, तर तो बाद. हेतूचा त्यात उल्लेखच नाही. त्याच्या आधीचा, तेरावा नियमही वाचण्यासारखा आहे. रनरला बॉल फेकून मारायचा नाही, असं त्यात बजावलं आहे. त्यापूर्वीच्या खेळांत रनरला बॉल मारूनच बाद करत. म्हणजे आपली आबाधोबीच! बॉल मारायची सोय गेली, तेव्हा क्षेत्ररक्षकाला बॉल हातात घेऊन बेस गाठणं किंवा रनरला शिवणं भाग पडलं. मग बॉलपर्यंत जायची त्याची वाट राखणंही आलं. हे दोन नियम पाठोपाठ आले यात मला तरी योगायोग वाटत नाही.

सॉफ्टबॉलचा जन्म त्यानंतर बेचाळीस वर्षांनी झाला. १८८७ च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये जॉर्ज हँकॉक यांनी बॉक्सिंगचा ग्लोव्ह बांधून बॉल केला, झाडूच्या दांड्याची बॅट केली आणि चार भिंतींच्या आत खेळ मांडला. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव १९२६ मध्ये पडलं. भारतात देशपातळीवरची संघटना १९६१ मध्ये, जोधपूरला, उभी राहिली.

खेळ पुढे बाहेरच्या मैदानावर आला, पण जागा आटोपशीरच राहिली. बेसबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर ९० फूट, इथे ६०. शिवाय पिचरच्या (बॉल टाकणारीच्या) हातून बॉल सुटेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही. त्यामुळे बॅटचा आवाज होतो तेव्हा रनर बेसपासून जेमतेम चार पावलांवर असते आणि क्षेत्ररक्षकही जवळ उभे असतात. टक्कर होणार नाही तर काय होईल? पहिल्या बेसजवळ धावणाऱ्यासाठी तीन फुटांची पट्टी आणि दुहेरी बेसचा (धावणारी आणि क्षेत्ररक्षक यांच्यासाठी अर्धा-अर्धा केलेल्या बेसचा) केशरी अर्धा भाग आहे, तोही याच दाटीमुळे.

हेतूचा प्रश्न पुढे दोन वाटांनी गेला. बॅटवरून आलेला बॉल घेणाऱ्या क्षेत्ररक्षकाला वाट द्यायची जबाबदारी सर्वस्वी रनरची. चुकून आडवी आली तरी ती बाद. फेकलेल्या बॉलचं तसं नाही. तो रनरच्या पाठीमागून येतो, कुठूनही येतो, तो चुकवत पळा असं कुणाला सांगता येणार? म्हणून तिथे तिने मुद्दाम काही केलं का, हे पाहतात. अमेरिकेतल्या सॉफ्टबॉलच्या नियमपुस्तकाने या शतकाच्या सुरुवातीला बऱ्याच कलमांतला ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द गाळला आणि पंचांना मनातलं नव्हे, कृती बघायला सांगितलं. बरं केलं. कोवळ्या पोरीच्या मनात काय होतं, हे पंचाने कसं ओळखायचं?

या नियमांना पैलू पाडले ते चलाख खेळाडूंनी. एप्रिल १९५७ मध्ये अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सामन्यात सिनसिनाटी संघाचा डॉन होक दुसऱ्या बेसवरून पळत होता. मिलवॉकीचा संघ डबल प्ले करणार, म्हणजे एकाच बॉलवर दोघांना बाद करणार, हे दिसताच त्याने जमिनीवरून येणारा बॉल स्वतःच हाताने उचलला आणि शॉर्टस्टॉपकडे टाकून दिला! होक बाद झाला, पण मागचा बॅटर नियमाप्रमाणे पहिल्या बेसवर सुखरूप. एकाच्या बदल्यात एक वाचला. चारच दिवसांत अमेरिकन बेसबॉलच्या दोन्ही लीगच्या अध्यक्षांनी फर्मान काढलं: डबल प्ले मोडण्यासाठी असं केलं तर दोघंही बाद. सॉफ्टबॉलमध्येही अशा वेळी दुसरी खेळाडू बाद देतात, त्याची मुळं इथे सापडतात.

दुसरा प्रसंग १४ ऑक्टोबर १९७८ चा, वर्ल्ड सिरीजमधल्या, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेतल्या, चौथ्या सामन्याचा. न्यूयॉर्कच्या यँकीज संघाचा रेगी जॅक्सन दुसऱ्या बेसवर बाद होऊन वाटेतच उभा राहिला, पहिल्या बेसकडे फेकलेला बॉल त्याच्या कमरेवर आदळून भलतीकडे गेला आणि यँकीजची एक धाव झाली. पंचांनी हेतू मानला नाही. यँकीज तो सामना ४-३ असा जिंकले, मग मालिकाही. त्याने कंबर मुद्दाम पुढे केली का, यावर आजही वाद रंगतो. मला विचाराल तर केली.

आपल्याकडे गोंधळात भर घालते ती भाषा. धावणाऱ्या संघाने आणलेला अडथळा म्हणजे इंटरफिअरन्स, तिथे बॉल लगेच डेड. क्षेत्ररक्षण करणाऱ्यांनी रनरला अडवलं तर ते ऑब्स्ट्रक्शन, तिथे खेळ चालू ठेवून निकाल नंतर देतात. मराठीत दोन्हींना ‘अडथळा’च. त्यात क्रिकेटने ऑब्स्ट्रक्शन हा शब्द नेमका फलंदाजाच्या गुन्ह्याला वापरला आहे, म्हणजे सॉफ्टबॉलच्या थेट उलटा. म्हणून मैदानावर ‘अडवलं, अडवलं!’ असा दोन्ही बाजूंनी एकदम गिल्ला होतो, तेव्हा जुने पंच आधी एवढंच विचारतात, “कुणी कुणाला?”