सोनोग्राफीत प्रोस्टेट ग्रेड टू आलं, म्हणजे नेमकं काय

पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी केली, खडा निघाला नाही, लिव्हर ठीक, किडन्या ठीक, आणि रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत लिहून आलं 'प्रोस्टेटोमेगाली, ग्रेड टू'. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांतून असा रिपोर्ट घेऊन निघालेला साठीचा माणूस घरी पोचेपर्यंत अर्धा खचलेला असतो, कारण ग्रेड म्हटलं की आपल्या डोक्यात एकच आजार येतो. तर आधीच सांगून टाकतो, सोनोग्राफीतला हा ग्रेड म्हणजे कॅन्सरचा ग्रेड नाही. प्रोस्टेट ग्रंथी नेहमीपेक्षा किती मोठी दिसली एवढीच ती मोजणी आहे, कॅन्सर आहे की नाही हे त्यावरून ठरत नाही, आणि त्रास किती होणार हेही त्यावरून कळत नाही.

प्रोस्टेट, म्हणजे पौरुषग्रंथी, लघवीच्या पिशवीच्या अगदी खाली आणि गुदाशयाच्या पुढे बसलेली असते, आणि लघवीची नळी तिच्या मधोमधून जाते. सगळ्या त्रासाचं मूळ या जागेतच आहे. तरुणपणी तिचं वजन साधारण २० ग्रॅम असतं. काम काय, तर वीर्यातला पाव ते तिसरा हिस्सा द्रव ती बनवते. त्यात पीएसए नावाचं एक प्रथिन असतं, वीर्य बाहेर आल्यावर आधी घट्ट होतं आणि मग हे प्रथिन त्याला परत पातळ करतं म्हणजे शुक्राणूंना पोहता येतं. तेच प्रथिन थोडंसं रक्तात उतरतं आणि लॅबवाले तेच मोजतात. म्हणून पीएसए निघालं म्हणजे कॅन्सर निघाला असं नसतं, निरोगी पुरुषाच्या रक्तातही ते थोडं असतंच.

आता ही ग्रंथी वाढते कशाला? टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन ग्रंथीत गेल्यावर एक एन्झाइम त्याचं डीएचटी नावाच्या जास्त जोरदार हार्मोनमध्ये रूपांतर करतं, आणि डीएचटी ग्रंथीच्या पेशींना वाढत ठेवतं. हे कळलं त्याची गोष्ट मला फार आवडते. डोमिनिकन रिपब्लिक या देशात काही कुटुंबांत मुलं जन्मताना मुलींसारखी दिसायची आणि वयात आल्यावर त्यांचं शरीर पुरुषाचं व्हायचं. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली या डॉक्टर बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली दाखवून दिलं की या लोकांत तेच एन्झाइम जन्मापासून कमी असतं. या पुरुषांची प्रोस्टेट आयुष्यभर लहानच राहते हेही लक्षात आलं. मग औषध शोधणाऱ्यांनी विचार केला की ते एन्झाइम गोळीने थांबवलं तर? त्यातून फिनास्टेराइड आलं, १९९२ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, आणि आज आपल्या गल्लीतल्या मेडिकल स्टोअरमध्ये ते मिळतं.

पन्नाशीतल्या साधारण निम्म्या पुरुषांच्या ग्रंथीत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, ऐंशीच्या पुढे दहातल्या आठ-नऊ जणांत. ही वाढ साधी असते, ती पुढे जाऊन कॅन्सर होत नाही.

पण साधी म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखी नाही, आणि मला मुख्य सांगायचं आहे ते हेच. आपण सगळे ग्रंथीचा आकार बघत बसतो, ३५ ग्रॅम, ५० ग्रॅम, ८० ग्रॅम, आणि खरा मार खाते ती लघवीची पिशवी. एखाद्याची ग्रंथी ८० ग्रॅमची असून धार मस्त असते आणि दुसऱ्याची ३० ची असून तो बाथरूममध्ये पाच-पाच मिनिटं उभा असतो, कारण ग्रंथी बाहेरच्या बाजूला वाढली की आत नळीकडे दाबून राहिली यावर सगळं आहे, शिवाय ग्रंथीत आणि पिशवीच्या तोंडाशी जे स्नायू आहेत ते किती आवळलेले आहेत त्यावरही. वाट अरुंद झाली की पिशवीला जास्त जोर लावावा लागतो, जोर लावून लावून तिची भिंत जाड होते, जाड झालेली पिशवी चिडखोर होते, थोडी भरली तरी घाई करते. माणसाला वाटतं आपल्याला फक्त सारखं जावं लागून राहिलं. मग काही वर्षांनी ती थकते. लघवी केल्यावरही आत शिल्लक राहायला लागते, त्या साचलेल्या लघवीत इन्फेक्शन होतं, खडे होतात, आणि दाब मागे किडनीपर्यंत गेला की रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं, म्हणजे किडनीचं काम कमी झालेलं असतं. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे पिशवी तुडुंब भरलेली असते, दुखत काहीच नाही, आणि लघवी थेंब थेंब गळत असते, कपडे ओले होतात. घरच्यांना वाटतं कंट्रोल गेला म्हातारपणाने. खरं तर ती भरून वाहत असते, आणि किडनी आतल्या आत खराब होत असते.

म्हणून "वयच झालं बाप्पा आता, चालायचंच" हे वाक्य ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. शुगरची गोष्ट आपण चारचौघांत चहा पिताना करतो, गुडघ्याची करतो, बायपासची तर अभिमानाने करतो, आणि लघवीचं मात्र बायकोलाही सांगत नाही.

डॉक्टर लोक यासाठी सात प्रश्न विचारतात, जगभर तेच सात. पूर्ण रिकामं झाल्यासारखं वाटतं का, दोन तासांच्या आत परत जावं लागतं का, धार तुटक येते का, रोखून धरता येत नाही असं होतं का, धार बारीक झाली का, सुरू करायला जोर लावावा लागतो का, आणि रात्री किती वेळा उठता. प्रत्येकाला शून्य ते पाच मार्क, एकूण ३५. सातपर्यंत त्रास हलका, आठ ते एकोणीस मध्यम, वीसच्या पुढे जास्त. आणि एक आठवा प्रश्न असतो, की उरलेलं आयुष्य हे असंच राहिलं तर तुम्हाला कसं वाटेल? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात मोठा, कारण हलक्या त्रासात ट्रीटमेंट घ्यायची की नुसतं लक्ष ठेवायचं हे बरंचसं याच्यावर ठरतं. सोबत धारेचा वेग मोजतात, यूरोफ्लो म्हणतात त्याला, सेकंदाला १५ मिलीच्या वर असेल तर बरं आणि १० च्या खाली असेल तर एकतर वाट अडलेली असते नाहीतर पिशवीचा जोर कमी पडलेला असतो. आणि लघवी करून आल्यावर सोनोग्राफीत मागे किती शिल्लक राहिली ते बघतात. रिपोर्ट हातात आला की ग्रॅमच्या आकड्याआधी हा शिल्लक लघवीचा आकडा शोधा.

रात्री उठावं लागतं म्हणजे प्रोस्टेटच, असंही नाही बरं का. डायबेटिस वाढला असेल तर लघवी जास्त होते. बीपीसाठी लघवी वाढवणारी, पाण्याची म्हणतात ती गोळी संध्याकाळी घेत असाल तर रात्र जागणारच. दिवसभर खुर्चीत बसून पायावर सूज उतरते, रात्री आडवं झालं की तेच पाणी परत रक्तात येतं आणि किडनी ते बाहेर काढते. जोरात घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसालाही रात्री लघवी जास्त होते. अशा वेळी प्रोस्टेटची गोळी वर्षभर खाल्ली तरी उठणं थांबत नाही.

आपल्या नागपूरचा उन्हाळा यात वेगळाच घोळ घालतो. मे मध्ये पारा ४५ च्या वर, घामात पाणी जातं, आणि सारखं जावं लागतं म्हणून काका लोक पाणी पिणंच कमी करून टाकतात. हे करू नका. लघवी घट्ट झाली की पिशवी आणखी चिडते, जळजळ होते, आणि खडा व्हायला आयतं निमित्त. पाणी दिवसा भरपूर प्या, झोपायच्या आधी दोन-तीन तास हात आखडता घ्या, आणि संध्याकाळचा तो दुसरा-तिसरा चहा बंद करा, एवढ्याने अनेकांची रात्रीची एखादी फेरी कमी होते.

हिवाळ्यातला धोका वेगळा. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की सर्दी होते, माणूस दुकानातून सर्दीची गोळी घेतो. त्या गोळ्यांत बहुतेक वेळा क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन असतं. पहिलं पिशवीचा जोर कमी करतं, दुसरं पिशवीचं तोंड आवळतं, म्हणजे दोन्हीकडून कोंडी. आधीच वाट अरुंद असलेल्या माणसाची लघवी अशा गोळीनंतर रात्रीतून पूर्ण बंद होऊ शकते. बद्धकोष्ठ, जास्त दारू, लांबच्या बसप्रवासात तासन् तास रोखून धरणं, यानेही होते. लघवी पूर्ण अडली, ओटीपोट फुगलं, की घरगुती उपाय करत, आणखी पाणी पीत बसायचं नाही, सरळ कॅज्युअल्टी गाठायची, मेडिकल किंवा मेयोसारखं सरकारी हॉस्पिटल असो की जवळचा कुठलाही दवाखाना. तिथे नळी टाकतात आणि मिनिटभरात जीव थाऱ्यावर येतो. नळी टाकली म्हणजे ती जन्माची बसली असंही नाही, दोन-तीन दिवस गोळी देऊन नळी काढून बघतात आणि बऱ्याच जणांना परत आपोआप होते.

औषधं मुख्यतः दोन जातीची. टॅम्सुलोसिनसारखी गोळी आवळलेले स्नायू सैल करते, काही दिवसांतच फरक कळतो, पण ग्रंथी लहान होत नाही. उठताना चक्कर येऊ शकते, आणि वीर्य पुढे न येता मागे पिशवीत जाऊ शकतं. याने इजा काही होत नाही पण कोणी आधी सांगितलेलं नसतं म्हणून माणूस घाबरतो आणि गुपचूप गोळी बंद करतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर ही गोळी चालू आहे, किंवा आधी कधी घेतली होती, हे डोळ्याच्या डॉक्टरला नक्की सांगा, कारण तिच्यामुळे ऑपरेशन चालू असताना बुबुळ ढिलं पडतं. दुसरी जात फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड, या ग्रंथी खरोखर आकसवतात पण सहा महिने धीर धरावा लागतो, काहींना कामेच्छा कमी झाल्यासारखी वाटते, आणि यांच्यावर असताना पीएसए जवळजवळ निम्मं दिसतं, म्हणजे रिपोर्टमध्ये २ आलं तर ते साधारण ४ समजायचं.

गोळ्यांनी भागत नसेल, वारंवार लघवी अडत असेल, खडे होत असतील, किडनीवर दाब येत असेल तर दुर्बिणीतून ऑपरेशन. लोकांना वाटतं यात प्रोस्टेट काढून टाकतात. तसं नसतं. नागपूरकराला संत्र्यावरून हे लगेच कळेल, आतला गर काढून घेतात आणि साल तशीच ठेवतात. लेझरने केलं तरी तत्त्व हेच. आणि ही साल राहते हे लक्षात ठेवायचं, कारण प्रोस्टेटचा कॅन्सर बहुतेक वेळा या बाहेरच्या भागातच होतो. म्हणजे ऑपरेशन झालं तरी पुढे कॅन्सर होऊच शकत नाही असं नाही, पीएसएबद्दल डॉक्टरांना विचारत राहायचं.

आणि म्हणूनच सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये लघवीचा त्रास सहसा नसतो, तो नळीपासून लांब असतो ना. आपल्याकडे कित्येक जण पाठ दुखते म्हणून दाखवायला जातात आणि तोवर तो हाडात गेलेला असतो. पन्नाशीत, आणि वडिलांना किंवा भावाला झालेला असेल तर पंचेचाळिशीतच, पीएसए करायची का यावर डॉक्टरांशी एकदा बोला. जवळच्या नात्यात असेल तर धोका साधारण दुप्पट. पीएसए ४ ते १० मध्ये आलं तर अशा चार जणांत साधारण एकालाच कॅन्सर निघतो, बाकीच्यांत साधी वाढ, इन्फेक्शन, नुकतीच टाकलेली नळी अशी कारणं असतात. लघवीचं इन्फेक्शन असताना ही टेस्ट करूच नका, काही आठवडे थांबा. गुदद्वारातून बोटाने तपासणी करायला पुरुष जाम घाबरतात, पण ती मिनिटभराचीही नसते.

कॅन्सर निघाला तरी प्रत्येकाला लगेच कापाकापी लागत नाही. ब्रिटनमध्ये प्रोटेक्ट नावाच्या मोठ्या अभ्यासात ग्रंथीपुरताच कॅन्सर असलेल्यांचे तीन गट केले, एकाचं ऑपरेशन, एकाला रेडिएशन, एकावर नुसतं बारकाईने लक्ष. २०२३ मध्ये १५ वर्षांचा हिशोब आला तेव्हा तिन्ही गटांत या कॅन्सरने गेलेले साधारण शंभरात तीनच होते. पसरलेला असेल तरी हार्मोन रोखणारे उपचार आहेत, चार्ल्स हगिन्स यांना या शोधासाठी १९६६ चं नोबेल मिळालं आणि आजही उपचाराचा पाया तोच आहे. नागपुरात यासाठी जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, मिहानमधलं एम्स आहे. पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, विचारण्यात लाज नाही.

तिशी-चाळिशीतल्या पोरांना प्रोस्टेट दुखण्याचा प्रकार वेगळा असतो. थंडी वाजून ताप, लघवीला आग, मांड्यांच्या मधे दुखणं असं अचानक झालं तर ते जंतूंचं इन्फेक्शन, त्याच दिवशी डॉक्टर. महिनोन् महिने बारीक दुखत असेल तर बहुतेक वेळा जंतू सापडतच नाहीत, तिथे अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स करून फायदा नाही, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, बैठक कमी करणं, ताण कमी करणं यांनी जास्त फरक पडतो.

प्रोस्टेटसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलवर पैसे घालवण्याआधी थांबा. सॉ पाल्मेटो या वनस्पतीच्या अर्कावर अमेरिकेत चांगले अभ्यास झाले, औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. व्हिटॅमिन ई तर कॅन्सर टाळायला म्हणून हजारो पुरुषांना देऊन बघितलं आणि २०११ मध्ये कळलं की घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर उलट १७ टक्क्यांनी जास्त झाला. त्यापेक्षा अंबाझरी किंवा फुटाळा तलावावर रोज चालून या, पोट कमी करा, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, लघवी झाल्यावर मिनिटभर थांबून परत एकदा प्रयत्न करा.

आणि दाखवायला जायच्या आधी तीन दिवस एक काम करा. एक जुना मापाचा मग बाथरूममध्ये ठेवा, प्रत्येक वेळी किती वाजता आणि किती मिली झाली ते वहीत लिहा, काय प्यायलात तेही लिहा, रात्रीचं वेगळं. रात्रीची लघवी दिवस-रात्रीच्या एकूण लघवीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त निघाली, तर डॉक्टर प्रोस्टेटच्या आधी तुमची शुगर, पायाची सूज, हृदय आणि झोप तपासतील. ओपीडीत गर्दी असते, वेळ पाच मिनिटं मिळतो, वही सरळ पुढे ठेवा.