ऊसतोड महिला कामगार आणि आरोग्यसेवा

ऊसतोड महिला कामगारांच्या आरोग्यसेवेचा प्रश्न महाराष्ट्रातील हंगामी स्थलांतरातून उभा राहिला आहे. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांच्या कोरडवाहू पट्ट्यातून लाखो मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या ऊसफडांवर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. गावात उपकेंद्र असते, आशाताई असतात; पण वर्षातले पाच-सहा महिने बाई त्या गावात नसते, आणि जिथे असते तिथल्या आरोग्य केंद्राच्या यादीत तिचे नाव नसते.

नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात. हंगामाआधी मुकादम कोयत्यामागे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि ती तोडीतून फेडावी लागते. एखादा दिवस काम चुकले की ‘खाडा’ पडतो. त्याचा दंड हिशेबात चढतो, आणि तो अनेकदा दिवसाच्या कमाईहून जास्त असतो. जोडीतले एक आजारी पडले तरी कोयता थांबतो. त्यामुळे दवाखान्याची एक फेरी म्हणजे तपासणीचा खर्च, गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि वर खाडा. सरकारी दवाखाना मोफत असूनही महाग पडतो, तो असा.

पहाटे तीन-चारला उठून कोपीतला, म्हणजे तळावरच्या झोपडीतला, स्वयंपाक, मग तोडणी, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) सवळणे, मोळ्या बांधणे. डोकी सेंटरला तर जड मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढावे लागते. गाडी रात्री आली तर रात्री भरावी लागते. तळावर न्हाणीघर नाही, संडास नाही, पाणी लांबून आणायचे. पाळीचे कपडे धुवायला आणि वाळवायला आडोसा मिळत नाही. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, अतिरक्तस्राव, अंग बाहेर येणे (गर्भाशय खाली सरकणे) या तक्रारी या कष्टांत वाढतात आणि हंगामभर अंगावर काढल्या जातात. मुलीला गावी एकटे ठेवण्याच्या भीतीने तिचे लग्न लवकर लावले जाते. विशीच्या आतबाहेर दोन-तीन बाळंतपणे आणि पाठोपाठ नसबंदी, हा क्रम या भागात अनोळखी नाही.

याच क्रमाची पुढची पायरी म्हणजे गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील या शस्त्रक्रियांच्या बातम्यांनी राज्य हादरले. बीडमध्ये तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली, अशी माहिती आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत दिली. तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यापुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे, म्हणजे जवळपास १७ टक्के जणींचे, गर्भाशय काढलेले आढळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटात देशभराचे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. दोन्ही पाहण्यांचे वयोगट तंतोतंत सारखे नाहीत, तरी अंतर डोळ्यांत भरणारे आहे.

मुकादम पाळी येणाऱ्या बाईला कामावर घेत नाहीत म्हणून बायका पिशवी काढून घेतात, अशी मांडणी तेव्हा गाजली. ती अपुरी आहे. खाड्याची धास्ती खरीच, पण तिला रुग्णालयाच्या खोलीत बळ मिळते. एप्रिलमध्ये परतलेली बाई सहा महिन्यांचे दुखणे घेऊन खासगी डॉक्टरकडे जाते. पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, असे तिला सांगितले जाते. जंतुसंसर्गावर औषधे, रक्तस्रावावर गोळ्या, गर्भाशयमुखाची तपासणी हे आधी करायचे उपाय. त्यासाठी मात्र पुन्हा पुन्हा यावे लागते, आणि तेवढे दिवस तिच्याकडे नसतात. एकदाच काय तो निकाल लावा, असे तिलाही वाटते. शस्त्रक्रियेचा खर्च पुढच्या उचलीतून भागतो आणि कर्ज वाढते. अंडाशयेही काढली असतील तर रजोनिवृत्ती तत्काळ येते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, अंगाची आग होते. अंडाशये ठेवली तरी रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते. ऊस मात्र तोडावाच लागतो. या बायकांपर्यंत वैद्यकीय सेवा पोचलीच नाही असे म्हणता येत नाही. पोचली ती शस्त्रक्रिया. उपचार मागेच राहिले.

या प्रकरणानंतर बीडमध्ये गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली आणि हंगामाला जाण्यापूर्वी व परतल्यावर महिलांची तपासणी सुरू झाली. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तेवढीच रक्कम राज्याकडून, अशी निधीची रचना ठरली. बिहार, छत्तीसगड व राजस्थानातील अशाच शस्त्रक्रियांवरील याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी, अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश दिला.

यांतले बहुतेक उपाय गावाकडचे आहेत. हंगामात खरी गरज कारखान्याच्या तळावर असते: ठरलेल्या वारी फिरता दवाखाना, गरोदर बाईची नोंद तिच्याबरोबर पुढच्या केंद्राकडे जाणे, आजारपणाचा खाडा न लागणे. मजुरांच्या टोळीतल्याच एखाद्या बाईला प्राथमिक उपचार शिकवून औषधांची पेटी देण्याचा मार्गही आहे. त्याला या भागात जुना आधार आहे. बीडला लागून असलेल्या जामखेडमध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दाम्पत्याने १९७० मध्ये काम सुरू केले आणि पुढे गावोगावच्या, बहुतांश निरक्षर आणि त्यांत कित्येक दलित, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. या सेविकांनी बाळंतपणे सुखरूप केली, बालमृत्यू कमी केले. जामखेडच्या त्याच माळरानावरून आजही टोळ्या निघतात. टोळीबरोबर जाणाऱ्या आरोग्यसेविकेचे मानधन कारखान्याने द्यायचे, महामंडळाने की आरोग्य खात्याने, हे ठरवावे लागेल. कर्नाटकात गेलेल्या टोळ्यांसाठी दोन राज्यांना मिळून ठरवावे लागेल.