गलगंडातील थायरॉइड संप्रेरके : निर्मिती आणि निचरा

गलगंड म्हणजे गळ्यातील थायरॉइड किंवा अवटू ग्रंथीची वाढ. ही वाढ बाहेरून दिसते, पण आत तयार होणारी संप्रेरके (हॉर्मोन) वाढलेली, घटलेली किंवा अगदी नेहमीइतकीही असू शकतात. गळ्याकडे पाहून ते सांगता येत नाही.

निरोगी प्रौढाची ग्रंथी रोज साधारण ८० ते १०० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन (टी-४) तयार करते. टी-४च्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, टी-३ या दुसऱ्या थायरॉइड संप्रेरकात तीन. पेशींवर प्रत्यक्ष काम करते ते मुख्यतः टी-३. त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा ग्रंथीतून येतो. उरलेले यकृत, स्नायू अशा ठिकाणी टी-४मधला एक अणू काढून बनते. टी-४ रक्तातील प्रथिनांना घट्ट चिकटून राहत असल्याने ते निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात, टी-३ला साधारण एक दिवस. काही संप्रेरक यकृतातून पित्तावाटे आतड्यात जाते. विघटनातून सुटलेले आयोडीन पुन्हा ग्रंथीत शिरते किंवा लघवीतून निघून जाते.

आहारातले आयोडीन कमी पडले (प्रौढाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम) की हा जमाखर्च बदलतो. मूत्रपिंडे आयोडीन राखून ठेवत नाहीत, त्यामुळे सारी काटकसर ग्रंथीलाच करावी लागते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून येणाऱ्या, थायरॉइडला चेतवणाऱ्या टीएसएच या संप्रेरकाच्या प्रभावाखाली ती रक्तातले आयोडीन जास्त ओढून घेते आणि तिच्या पेशी वाढतात. अर्जेंटिनातील मेंडोझा भागात १९५१ मध्ये अमेरिकी डॉक्टर जॉन स्टॅनबरी आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी आयोडीन वापरून हे ओढून घेणे प्रत्यक्ष मोजले. शिवाय ग्रंथी टी-४ऐवजी टी-३ जास्त बनवू लागते, कारण त्यात आयोडीन कमी लागते आणि परिणाम अधिक मिळतो. म्हणूनच अशा रुग्णाच्या तपासणीत टी-४ कमी, टी-३ मात्र नेहमीइतके किंवा किंचित जास्त, असे चित्र वारंवार दिसते. माणूस हिंडता-फिरता असतो, त्याला काही त्रास जाणवत नाही.

पण ही तडजोड मेंदूला पुरत नाही. मेंदू त्याला लागणारे टी-३ बहुतांशी स्वतःच टी-४पासून बनवतो. गर्भाची ग्रंथी काम करू लागेपर्यंत त्याची सारी भिस्त आईच्या टी-४वर असते. आई वरवर ठणठणीत असली तरी बाळाच्या बुद्धीची हानी होऊ शकते, आणि ती पुढे भरून येत नाही. गलगंडाकडे केवळ दिसण्याचा प्रश्न म्हणून पाहणे इथेच घातक ठरते. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी यांच्या चमूने १९५६ पासून आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंडाचे प्रमाण घटते हे दाखवले. त्या पायावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

इतर गलगंडांत गणित वेगळे असते. ग्रेव्हज आजारात प्रतिपिंडे ग्रंथीला सतत चेतवतात. उत्पादन वाढतेच, निचराही वेगावतो आणि टी-४ तीन-चार दिवसांतच निम्मे होते. हाशिमोटो आजारात ग्रंथीचा हळूहळू नाश होऊन उत्पादन घटते, आणि कमतरता आल्यावर टी-४ निम्मे होण्याचा काळ नऊ-दहा दिवसांपर्यंत लांबतो. जुन्या, गाठाळ गलगंडातल्या काही गाठी टीएसएचला जुमानत नाहीत. त्यांना एकाएकी भरपूर आयोडीन मिळाले तर संप्रेरकांचा अतिरेक होतो. टास्मानियात १९६६ मध्ये पावात आयोडीन घालायला सुरुवात झाल्यावर, विशेषतः उतारवयातल्या लोकांत, असे रुग्ण वाढले होते.

थायरॉक्सिनची गोळी दिवसातून एकदाच पुरते, ती टी-४च्या या संथ निचऱ्यामुळे. गोळीची मात्रा बदलल्यावर टीएसएचची तपासणी साधारण सहा आठवड्यांनी करतात. तोवर रक्तातली पातळी स्थिरावलेली नसते.