वुमनिझम

वुमनिझम ही अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या अनुभवातून उभी राहिलेली विचारधारा असून, लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांनी १९८३ मधील आपल्या निबंधसंग्रहाच्या आरंभी शब्दकोशाच्या धर्तीवर तिची व्याख्या दिली. शब्दाचे मूळ मात्र घरातले आहे. मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालणाऱ्या, नको ते प्रश्न विचारणाऱ्या मुलीला कृष्णवर्णीय आया ‘वुमनिश’ म्हणत, म्हणजे आपल्याकडच्या ‘आगाऊ’सारखेच काहीसे, त्या दटावणीत दडलेला धीटपणा वॉकर यांनी नेमका हेरला.

‘स्त्रीवाद’ हा शब्द असताना वेगळ्या शब्दाची गरज का भासली, हे घरकामाच्या प्रश्नावरून चांगले कळते. गोऱ्या स्त्रीवादी लेखिका बेटी फ्रीडन यांनी १९६३ मध्ये उपनगरी गृहिणींची घुसमट मांडली, तेव्हा घराबाहेरचे काम हा मुक्तीचा मार्ग दिसत होता; पण ज्यांच्या पणज्या गुलामगिरीत कापसाच्या शेतात राबल्या आणि ज्यांच्या आया गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक व धुणे करून रात्री आपल्या मुलांकडे परतत, त्यांना बाहेरच्या कामाचे अप्रूप असण्याचे कारण नव्हते, उलट स्वतःच्या घरासाठी मिळणारा वेळच मोलाचा होता. शिवाय कृष्णवर्णीय कुटुंबांवरील १९६५ च्या मॉयनिहन अहवालाने, म्हणजे अमेरिकी सरकारच्याच एका अहवालाने, स्त्रीप्रधान कुटुंबरचनेलाच कृष्णवर्णीयांच्या दुरवस्थेसाठी बोल लावला होता. अशा वेळी घरातल्या पुरुषाविरुद्ध उघडपणे बोलणे म्हणजे विरोधकांच्या हाती कोलीत देणे, असे अनेकींना वाटे, आणि या धास्तीपायी घरातला छळ झाकला जाई, हेही तितकेच खरे. समाजशास्त्रज्ञ पॅट्रिशिया हिल कॉलिन्स यांनी १९९० मध्ये आजी, मावशी, शेजारीण अशा ‘इतर माता’ मिळून मूल वाढवतात त्या रीतीला सिद्धांतात स्थान दिले. अभ्यासक क्लेनोरा हडसन-वीम्स यांना मात्र स्त्रीवादाची कोणतीही शाखा परकीच वाटली आणि त्यांनी ‘आफ्रिकाना वुमनिझम’ ही स्वतंत्र मांडणी केली.

विद्यापीठ एका बाजूला आणि समाज दुसऱ्या बाजूला, अशी सरळ विभागणी येथे करता येत नाही. बाकांवर बहुसंख्य स्त्रिया आणि व्यासपीठावर पुरुष, हे कृष्णवर्णीय चर्चचे नेहमीचे चित्र. केटी कॅनन, जॅकलिन ग्रँट, डेलोरेस विल्यम्स या अभ्यासक स्त्रियांनी वुमनिस्ट धर्मशास्त्र, म्हणजे कृष्णवर्णीय स्त्रियांच्या अनुभवातून केलेला ख्रिस्ती धर्मविचार, उभारले ते या चर्चच्या संस्कारांतून आलेल्या स्त्रिया म्हणूनच. परंतु वॉकर यांच्या व्याख्येत स्त्रीवर प्रेम करणारी स्त्रीही सामावलेली आहे, आणि हा भाग ख्रिस्ती नीतीत बसतो का, असा आक्षेप १९८९ मध्ये शेरिल सँडर्स या कृष्णवर्णीय धर्मशास्त्रज्ञ स्त्रीनेच घेतला.