स्वरतंतूंसाठीच्या हायड्रोजेलची चाचणी

शस्त्रक्रिया, इजा किंवा दीर्घकाळचा दाह यांमुळे वण पडून ताठर झालेल्या स्वरतंतूंत टोचण्यासाठी पाणीदार, जाळीदार जेल तयार केली जातात. बोलताना स्वरतंतू ज्या वेगाने थरथरतात त्या वेगाने ती थरथरू शकतात का, पेशींना मानवतात का आणि किती काळ टिकतात, हे तपासण्याची ही प्रक्रिया आहे.

‘तंतू’ या नावाने थोडी फसगत होते. स्वरतंतू तारेसारखे नसतात, त्या श्लेष्मल त्वचेने झाकलेल्या स्नायूच्या घड्या असतात. जपानी संशोधक मिनोरू हिरानो यांनी 1974 मध्ये त्यांची थरांची रचना मांडली. त्वचेच्या लगेच खालचा थर, म्हणजे राइंके अवकाश, जवळजवळ जेलीइतका मऊ असतो आणि बोलताना लाट उठते ती मुख्यतः याच आवरणात. हायलुरोनिक आम्ल हा शरीरातला पाणी धरून ठेवणारा पदार्थ त्याला ओलसर, लवचीक ठेवतो. वण पडला की तिथे कोलॅजेन या प्रथिनाचे अस्ताव्यस्त धागे साचतात, लाट अडते आणि आवाज घोगरा, दमलेला येतो. म्हणून बरीच जेल हायलुरोनिक आम्लापासूनच बनवतात. मात्र शरीरातील विकर (एन्झाइम) मूळ आम्ल लवकर फोडतात, त्यामुळे त्याचे रेणू आधी एकमेकांना जोडून घ्यावे लागतात.

पहिली कसोटी ऱ्हिओमीटरवर होते. दोन चकत्यांमध्ये नमुना ठेवून तो पुढेमागे पिळतात आणि त्याची लवचिकता व श्यानता (दाटपणा) मोजतात. संशोधक चॅन आणि टिट्झे यांनी 1999 मध्ये मानवी स्वरतंतूंच्या आवरणाची अशीच मोजणी केली; कंपन वाढत गेले तशी श्यानता घटत गेली. पण त्यांची मोजणी सेकंदाला 15 कंपनांपर्यंतच पोहोचली होती. पुरुष बोलतो साधारण 100 ते 130 कंपनांवर, स्त्री 200 च्या आसपास, आणि गाताना आकडा आणखी चढतो. संथ कंपनात जुळणारे जेल बोलण्याच्या वेगातही जुळेलच असे नाही. मऊपणाचा एकच आकडा देऊन जेल ‘स्वरतंतूंसारखे’ ठरवणे म्हणूनच अपुरे आहे.

टिकाऊपणाची परीक्षा त्याहून कठोर असते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी 2021 मध्ये टोचता येणारे सच्छिद्र जेल सादर केले. स्वरतंतूंवरचा ताण घडवणाऱ्या यंत्रात ते सेकंदाला 120 कंपने या गतीने 60 लाखांहून अधिक आवर्तने अखंड राहिले. नेहमीची जेल त्याच यंत्रात फाटली. हिशेब केला तर ही जवळपास 14 तासांची सलग थरथर होते. सच्छिद्रतेचा उपयोग असा, की बाहेरच्या पेशींना आत शिरायला वाट मिळते.

पेशींची चाचणी वेगळी चालते. स्वरतंतूंतील फायब्रोब्लास्ट (कोलॅजेन तयार करणाऱ्या पेशी) जेलमध्ये वाढवून जिवंत व मृत पेशी दोन रंगांनी ओळखतात. पेशी पुन्हा वणाचे कोलॅजेन ओतू लागल्या तर ते जेल निरुपयोगी. पेशींना खऱ्या कंपनांत वाढवण्यासाठी टिट्झे यांच्या गटाने 2004 मध्ये ताण आणि थरथर एकत्र देणारे जैवसंयंत्र वर्णिले. बारीक सुईतून जेल सहज उतरते का आणि टोचल्यावर किती फुगते, हेही पाहतात. फुगणे ही किरकोळ बाब नाही, कारण ही जागा श्वासाच्या वाटेवरच आहे.

प्राण्यांमध्ये ससा अधिक वापरला जातो. त्याचे स्वरयंत्र काढून त्यातून उबदार, दमट हवा फुंकतात आणि आवाज उठायला किती दाब लागतो ते मोजतात. दाब जितका कमी, तितके ऊतक मोकळे. तरी माणसासारखी थरांची पूर्ण रचना सशात नसते. रुग्णाच्या बाबतीत स्ट्रोबोस्कोपीत, म्हणजे लुकलुकत्या प्रकाशात स्वरतंतूंची थरथर संथ करून दाखवणाऱ्या तपासणीत, लाट पुन्हा दिसते का आणि दिवसभर बोलून आवाज टिकतो का, यावरूनच उपयोग ठरतो.