चामखीळ ‘गेली’ म्हणजे नक्की काय? गुप्तांगावरच्या चामखिळींच्या उपचारांची पार्श्वभूमी

एचपीव्ही (या चामखिळी आणणारा व्हायरस) म्हणजे काय, तो कसा पसरतो हे बहुतेकांनी वाचलेलं असतं, ते सोडतो. फार जुनं पण पटकन उरकतो. आयुर्वेदाच्या ग्रंथात लिंगावर, योनीत येणारे कोंब अर्शातच, म्हणजे मूळव्याधीतच, धरलेत आणि उपाय चार सांगितलेत, औषध, क्षार, अग्नी, शस्त्र. आजची क्रीम, ॲसिड, कॉटरी (जाळणं), सर्जरी बघा, यादी फारशी हललेली नाही (गोठवणारा लिक्विड नायट्रोजन तेवढा नवा). युरोपात हे बराच काळ गरमी-परम्याच्याच (सिफिलिस-गनोरियाच्या) खात्यात जायचं. 1954 साली कोरियाहून परतलेल्या सैनिकांच्या बायकांना महिना-दीड महिन्यात चामखिळी आल्याचा रिपोर्ट छापून आला, तेव्हा हा संबंधातून पसरणारा वेगळा आजार आहे हे पटायला लागलं.

औषध मात्र त्याआधीच आलेलं, 1942 ला, पोडोफायलिन. एका झाडाच्या मुळांची राळ. टिंक्चर बेंझॉइनमध्ये मिसळलेलं ते तपकिरी चिकट औषध डॉक्टर काडीने लावणार, ते सुकेपर्यंत पेशंट तसाच पडून, मग घरी जाऊन काही तासांनी धुवायचं आणि पुढच्या आठवड्यात परत हजर. राळेचा जोर प्रत्येक वेळी सारखा नसायचा, जास्त जागेवर लावली तर अंगात भिनून मेंदू-नसांवर जायची, माणसं दगावलीत सुद्धा. 1990 ला त्यातलाच शुद्ध केलेला 0.5 टक्क्याचा घटक अमेरिकेत मंजूर झाला, तीन दिवस रोज दोनदा लावा, चार दिवस सुट्टी. माझ्या मते खरी क्रांती ही. बाटली पेशंटच्या हातात आली, दर आठवड्याला कपडे उतरवायची लाज वाचली.

दरम्यान 1980 नंतर एचपीव्हीचे टाइप 6 आणि 11 सापडले, सुमारे 90 टक्के चामखिळी त्यांच्याच. मग सगळ्यांना वाटलं आता व्हायरस मारणारं औषध येणार. ते आजपर्यंत आलेलं नाही. 1997 चं इमिक्विमॉड व्हायरसला हातही लावत नाही, कातडीतली प्रतिकारशक्ती जागी करतं, आठवड्यातून तीन रात्री, 16 आठवड्यांपर्यंत.

आणि इथे ‘क्लिअरन्स’ या शब्दाने घोळ घातला. औषधांच्या ट्रायलमध्ये त्याचा अर्थ एवढाच की डोळ्यांना चामखीळ दिसत नाही. शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीत व्हायरस असू शकतो, त्याची मोजणीच नाही. पेशंट मात्र ‘क्लिअर’ ऐकतो आणि बरा झालो समजतो, मग दोन महिन्यांनी परत उगवली की डॉक्टरने फसवलं म्हणतो, किंवा घरात जोडीदारावर संशय. मुख्य ट्रायलमध्ये इमिक्विमॉडने निम्म्या लोकांच्या गेल्या, पण औषध नसलेली नुसती क्रीम लावणाऱ्यांतही दहातल्या एकाच्या गेल्याच, कारण काही आपोआप जातात. त्यात कोणी कोर्स पूर्ण केलेल्यांचाच आकडा सांगतं, कोणी सगळ्यांचा, मग दोन औषधांची तुलना करणार कशी? याची दुसरी बाजू म्हणजे ‘व्हायरस जन्मभर राहतो’ ही भीती, तीही तशीच अर्धवट, बहुतेकांचं शरीर दोनेक वर्षांत त्याला दाबून टाकतं.

2006 ला टाइप 6 आणि 11 वर चालणारी लस आली, ऑस्ट्रेलियात 2007 पासून मुलींना दिली तर लस न घेतलेल्या तरुण मुलांतल्याही चामखिळी घटल्या. पण आलेली चामखीळ लसीने जात नाही, हे आजही परत परत सांगावं लागतं. आणि 2015 च्या अमेरिकन गाइडलाइनमध्ये ती जुनी राळ मुख्य यादीतून निघाली, तेव्हा ती पर्यायी म्हणून फक्त दवाखान्यातच लावायची ठेवली, तीही कडक अटींवर.